अख्खा ज्ञानकोश एका सीडीत घेऊन घरोघरी पोचलेली एन्कार्टा आली कुठून आणि गेली कुठं?

घरात पहिला कॉम्प्युटर आला तो दिवस आठवतोय का? पांढरट रंगाचा डबा, त्यावर धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकचं कव्हर आणि दारात शेजारच्या पोरांची गर्दी. इंटरनेट असलंच तर फोनच्या तारेतून, आणि ते लावलं की घरचा फोन एंगेज. मग त्या डब्यावर करायचं काय? पेंटमध्ये रेघोट्या मारायच्या, सॉलिटेअर खेळायचं आणि नशीब असेल तर कुणाकडून तरी मागून आणलेली एक चकचकीत सीडी टाकायची.

ती सीडी म्हणजे मायक्रोसॉफ्टची एन्कार्टा.

सीडी आत गेली, ड्राइव्ह घरघरली की जग उघडायचं. वेगवेगळ्या देशांची राष्ट्रगीतं वाजायची, प्राण्यांचे आवाज ऐकू यायचे, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत व्हिडिओ हलायचे. त्यात माइंडमेझ नावाचा खेळ होता. जुन्या किल्ल्यातल्या एकेका खोलीत प्रश्न विचारला जायचा आणि उत्तर बरोबर आलं तरच पुढचं दार उघडायचं. शाळेचा प्रोजेक्ट राहायचा बाजूला, पोरं त्या किल्ल्यातच अडकून पडायची.

पण ही सीडी आली कुठून? तर ती आली एका नकारातून.

१७६८ साली एडिनबरामध्ये सुरू झालेला एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका म्हणजे ज्ञानकोशांच्या दुनियेतला शेवटचा शब्द. अमेरिकेत त्याचे सेल्समन दारोदार जायचे, आईवडिलांना मुलांच्या भविष्याचं चित्र दाखवायचे आणि हजार-दीड हजार डॉलरचा संच हप्त्यांवर गळ्यात मारायचे. बऱ्याच घरांत तो दिवाणखान्यातल्या कपाटाची शोभा म्हणूनच राहायचा, ते सोडा. तर १९८०च्या दशकात मायक्रोसॉफ्ट या ब्रिटानिकाकडं गेली. म्हणाली, तुमचा मजकूर द्या, आपण डिजिटल कोश काढू. ब्रिटानिकानं नाही म्हटलं. वर्ल्ड बुकनंही नाही म्हटलं.

आज हसू येईल, पण त्या जागी बसून विचार करा. पुस्तकांचे संच खपतायत, सेल्समनची फौज कमिशनवर जगतेय. ती फौज स्वस्तातली चकती कशाला विकेल? आणि ब्रिटानिकाला सीडी कळत नव्हती असंही नाही. त्यांच्याच ताब्यातल्या कॉम्प्टन्स या कोशाची चित्रं आणि आवाज असलेली सीडी १९८९ सालीच आली होती. पण पुस्तकांचा संच घेणाऱ्याला ती फुकट मिळायची. जी वस्तू तुम्ही स्वतःच फुकट वाटता, तिच्यात पैसा आहे हे दिसणार कसं?

शेवटी मायक्रोसॉफ्टनं फंक अँड वॅग्नल्स या कोशाचे हक्क मिळवले. हा कोश अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये भाजीपाल्याशेजारी मिळायचा. ब्रिटानिकावाले त्याला नाक मुरडायचे. पण मायक्रोसॉफ्टनं त्याला चित्रं, आवाज, नकाशे आणि एका लेखातून दुसऱ्या लेखात उडी मारायची सोय जोडली आणि १९९३ साली एन्कार्टा बाजारात आणली. सुरुवातीची किंमत ३९५ डॉलर ठेवली, ती चालेना. मग ९९ डॉलर केली आणि सीडी धडाधड खपायला लागली. मजकूर आणि सॉफ्टवेअरवर खर्च एकदाच झाला होता, पुढची प्रत्येक चकती छापायला जेमतेम दीड डॉलर पुरायचा. छापील संचाला या गणितात जागाच नव्हती.

१९९० साली अमेरिकेत ब्रिटानिकाचे सुमारे १ लाख २० हजार संच खपले होते. १९९६ साली हा आकडा ४० हजारांवर आला आणि त्याच वर्षी कंपनी विकली गेली. २०१० सालची ३२ खंडांची आवृत्ती शेवटची छापील आवृत्ती ठरली.

एन्कार्टाची एक भानगड मात्र फारशी सांगितली जात नाही. टेलिफोनचा शोध कुणी लावला? अमेरिकन आवृत्तीत उत्तर होतं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. इटालियन आवृत्तीत मान अंतोनियो म्यूची यांना. विजेच्या दिव्याचंही तसंच, अमेरिकेत एडिसन तर ब्रिटनमध्ये जोसेफ स्वान. ज्या देशात विकायचं तिथल्या लोकांना पटेल असा इतिहास, प्रत्येक चकतीत वेगळा. आणि घरी बसलेल्या पोराला शेजारच्या देशातल्या चकतीत काय लिहिलंय हे कळायला मार्गच नव्हता.

१५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला. फुकट, कुणीही लिहावं, कुणीही खोडावं. मायक्रोसॉफ्टनंही २००५ साली वाचकांना दुरुस्त्या सुचवायची मुभा दिली, पण त्या आधी संपादक तपासणार आणि मग जमलं तर घेणार. या चालीनं ती शर्यत जिंकणं शक्य नव्हतं. २००८च्या डिस्कमध्ये ६२ हजारांहून जास्त लेख होते. तेव्हा इंग्रजी विकिपीडियानं २० लाखांचा टप्पा ओलांडला होता. २००९च्या जानेवारीत अमेरिकेत ऑनलाइन ज्ञानकोशांकडं वळणाऱ्या लोकांपैकी ९७ टक्के विकिपीडियावर जायचे, एन्कार्टावर सव्वा टक्का. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टनं दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ३१ ऑक्टोबर २००९ ला एन्कार्टाची वेबसाइट जवळपास सगळीकडं बंद झाली.

तुमच्या माळ्यावर ती जुनी सीडी असेल तर लगेच काढायला धावू नका. अगदी सुरुवातीच्या एन्कार्टा १६-बिट विंडोजसाठी बनल्या होत्या आणि आजची ६४-बिट विंडोज तसले प्रोग्रॅम चालवतच नाही. ज्ञान तसंच आहे, पण कुलूप बदललंय.

मग नेट नसताना घरच्या कॉम्प्युटरवर अख्खा ज्ञानकोश ही गोष्ट संपली का? नाही. उलट एन्कार्टापेक्षा कितीतरी मोठा कोश आज फुकट ठेवता येतो. त्यासाठी किविक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, सगळीकडं चालतं. ते टाकलं की आतल्या लायब्ररीत भाषा निवडायची आणि हवा तो कोश डाउनलोड करायचा. झिम नावाच्या प्रकारातली एकच फाइल येते आणि त्यात सगळे लेख, दुवे आणि शोधायची सोय असते. चित्रांसकट इंग्रजी विकिपीडिया घ्यायचा तर शंभर जीबीच्या वर जागा लागते. चित्रं नसलेली आणि फक्त लेखांची सुरुवात देणारी छोटी आवृत्तीही मिळते. १ मे २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया त्या मानानं खूपच लहान, जुन्या लॅपटॉपवरही सहज मावेल.

एक गोष्ट लक्षात ठेवा. फाइल पेनड्राइव्हवर टाकून गावी न्यायची असेल आणि ‘फाइल टू लार्ज’ असा मेसेज आला, तर पेनड्राइव्ह खराब नाहीये. तो फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आतला डेटा दुसरीकडं काढून घ्या आणि पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, काम होतं. फाइल ज्या दिवशी बनली तिथंच तिच्यातली माहिती थांबलेली असते. निवडणुकीचे निकाल त्यात शोधू नका, पानिपत आणि प्रकाशसंश्लेषण बिनधास्त शोधा.

आणि ही कॉपी दहा जणांना द्या, शंभर शाळांना द्या, कुणी अडवणार नाही. एन्कार्टाची सीडी मित्राला कॉपी करून देणं ही चोरी होती. विकिपीडियाचं लायसन्स म्हणतं, श्रेय द्या, पुढं वाटतानाही हीच मुभा ठेवा आणि खुशाल वाटा.

मराठीचं सांगायचं तर मराठी विश्वकोश वेबसाइटवर फुकट वाचता येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून उभा केलेला हा कोश तज्ज्ञांनी लिहिलेला, त्यामुळे भरवसा जास्त. पण तो वाचायला नेट लागतं. म्हणून रेंज असेल तिथं विश्वकोश उघडा आणि रेंज जाते तिथल्या कॉम्प्युटरवर मराठी विकिपीडियाची झिम फाइल टाकून ठेवा. त्यात तुमच्या गावावरचा लेख दोनच ओळींचा निघाला, तर नेट आल्यावर तिसरी ओळ तुम्ही लिहू शकता. पुढच्या फाइलमध्ये ती येईल.