शॅव्हास, नोएल गॉडफ्री
(९ नोव्हेंबर १८८४–४ ऑगस्ट १९१७). पहिल्या महायुद्धात कामी आलेला ब्रिटिश सैनिकी वैद्य. व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च शौर्यसन्मान त्या युद्धात दोनदा मिळविणारा तो एकमेव योद्धा होय. जन्म ऑक्सफर्ड येथे. वडील १९०० पासून लिव्हरपूलचे बिशप होते. ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातून पदवी घेतल्यावर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो व त्याचा जुळा भाऊ क्रिस्टोफर ४०० मी. शर्यतीत धावले. १९१२ मध्ये तो वैद्यकीय व्यवसायास पात्र ठरला. पुढील वर्षी त्याने सैनिकी वैद्यकदलात प्रवेश केला आणि लिव्हरपूल स्कॉटिश या पलटणीबरोबर नोव्हेंबर १९१४ मध्ये तो फ्रान्सला गेला.

चिखलाने भरलेल्या खंदकांत गोळ्यांइतकीच हानी रोगांनी होई. म्हणून धनुर्वातप्रतिबंधक रक्तरस (सीरम), कोरडे मोजे, स्वच्छ कपडे व आंघोळीची सोय यांकडे त्याने कटाक्षाने लक्ष पुरविले. पराक्रमाच्या कथांत ही बाजू सहसा झाकली जाते.

पलटणीच्या वैद्याचे स्थान प्रथमोपचार केंद्रात. जखमींना तेथवर आणण्याचे काम स्ट्रेचरवाहकांचे. शॅव्हास मात्र स्वतः त्यांच्याबरोबर बाहेर पडे. हूग येथील कामगिरीबद्दल (जून १९१५) त्यास मिलिटरी क्रॉस मिळाला. ९ ऑगस्ट १९१६ रोजी सॉम आघाडीवरील गीयमाँ येथे त्याने दिवसभर उघड्यावर जखमींची शुश्रूषा केली आणि रात्री चार तास शत्रूच्या फळीसमोर त्यांचा शोध घेतला. दुसऱ्या दिवशी एका अत्यवस्थ सैनिकास सु. ४५० मी. वाहून आणताना त्याच्या कुशीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला. तरीही त्याच रात्री वीस स्वयंसेवकांसह जाऊन त्याने शत्रूच्या खंदकापासून जेमतेम २३ मी. अंतरावरील खड्ड्यातून तिघांना सोडविले. याबद्दल त्यास पहिला व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

३१ जुलै १९१७ रोजी ईप्रजवळील लढाईत आरंभीच जखमी होऊनही त्याने केंद्र सोडले नाही. पुरेसे अन्न न घेता दोन दिवस तो जखमी गोळा करीत राहिला. अखेर केंद्रावरच तोफगोळा पडून त्याच्या पोटास गंभीर इजा झाली व ब्रँडहूक येथील रुग्णालयात तो मरण पावला. अनुभवी वैद्याने असा धोका पत्करावा काय, हा प्रश्न उरतोच. कारण त्याच्या मृत्यूने पलटणीचा वैद्यच हरपला. दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस त्यास मरणोत्तर देण्यात आला. हा सन्मान दोनदा मिळविणाऱ्या तिघांपैकी आर्थर मार्टिन-लीक हाही वैद्यच होता आणि त्याने बंगाल-नागपूर रेल्वेत दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केली. ब्रँडहूकच्या सैनिकी दफनभूमीतील शॅव्हासच्या समाधिशिळेवर दोन क्रॉस कोरलेले आहेत.