डीजेचा धंदा : वाजविण्याचे हुनर वेगळे, भाड्याचा साज वेगळा

लग्नाचे कापड घ्यायला आमच्या पेढीवर येणारी मंडळी पूर्वी बॅण्डवाल्याचा पत्ता विचारीत. आता विचारतात, "शेठ, चांगला डीजे कोण?" बॅण्डवर पोट असलेली कितीतरी मुस्लिम घराणी आपल्या राज्यात होती. त्यांच्या क्लॅरोनेट आणि ताशाची जागा डीजेने घेतली, हे आपण सारे पाहतच आहोत. तेव्हा कारागिराच्या घरातल्या पोराने "मला डीजे व्हायचे आहे" म्हटले तर त्यात नवल नाही. संगीत जायज की नाजायज हा सवाल उलेमांचा. या पानाचे काम हिशेबाचे आहे. आणि हिशेबात आमच्या लोकांची मोठी गफलत होते आहे, म्हणून हा लेख.

झाले असे. आमच्याकडे सूत नेणारे एक यंत्रमागवाले मुलाला घेऊन आले. चार माग विकून मुलाला डीजेचा सेट घेऊन द्यायचा, उरलेले पैसे कर्जाने उभे करायचे, असा त्यांचा बेत होता आणि त्यांना आमची जामीनकी हवी होती. आम्ही मुलाला विचारले, "बेटा, तुला वाजवायचे आहे की सेट भाड्याने द्यायचा आहे?" तो म्हणाला, "चाचा, एकच तर आहे ना ते!"

एकच नाही. विणकर आणि मागाचा मालक हे जसे दोन, तसेच हेही दोन धंदे आहेत. आपल्याकडे 'डीजे' म्हटले की टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. पण डिस्क जॉकी म्हणजे माणूस, तबकड्या वाजविणारा. भिंत हे भाड्याचे सामान झाले. पहिला धंदा हुनराचा, दुसरा भांडवलाचा.

आधी हुनर काय ते पाहू. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क नावाच्या तरुणाने बहिणीच्या पार्टीत गाणी वाजविली. नाचणाऱ्यांना गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा सर्वांत जास्त आवडतो आणि तो तर काही सेकंदांत संपतो, हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून, एकीवरचा तुकडा संपताच दुसरीवर तोच सुरू करायचा आणि तो हवा तितका लांबवायचा, अशी युक्ती त्याने काढली. आजही डीजेचे यंत्र याच बेताचे आहे : दोन बाजूंना दोन गाणी आणि मध्ये मिक्सर. टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ चे. पुढे २००१ मध्ये पायोनियरचे सीडीजे-१००० आले आणि सीडीवरही तीच हातचलाखी होऊ लागली. आता लॅपटॉपला जोडायच्या कंट्रोलरवर हे सारे होते.

डीजे हेडफोनमध्ये पुढचे गाणे ऐकतो, लोक आधीचे ऐकत असतात. दोन्हींची लय, म्हणजे मिनिटाला किती ठोके, एक करायची. सम समेवर आणायची. मग एकाचा जड आवाज उतरवीत दुसऱ्याचा चढवायचा. हे जमले तर नाचणाऱ्याच्या पायाला गाणे बदलल्याचे कळतसुद्धा नाही. सॉफ्टवेअर लय आपोआप जुळवून देते, हे खरे. पण जुनी फिल्मी गाणी पन्नास-पन्नास वादक बसवून, यंत्राच्या ठोक्याशिवाय रेकॉर्ड केलेली. त्यांची लय अंतऱ्यात थोडी पुढे-मागे होते. तिथे यंत्र फसते आणि कान लागतो. आपल्या लग्नांत तर जुनी गाणी हटकून मागतात.

याहून अवघड म्हणजे माणसे ओळखणे. जेवणाच्या वेळी काय वाजवायचे, नवऱ्या मुलाचे दोस्त आले की काय, म्हातारी मंडळी बसली आहेत तोवर काय. दुकानात गिऱ्हाईक बसले की कोणते थान आधी उलगडायचे हे जसे नजरेने कळते, तसेच हे. ही तालीम एखाद्या उस्तादामागे वायरी उचलत दोन सीझन काढल्याशिवाय मिळत नाही. मुंबईच्या अकबर सामी आणि अकील अली यांची नावे पोरांच्या तोंडी असतात. ती नावे झाली ती वाजविण्यातून, स्पीकरच्या भिंतीतून नव्हे.

आता भिंतीचा हिशेब. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, आपापल्या गावचे घालून पाहावेत. समजा, स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि जनरेटर मिळून ८ लाखांचा सेट घेतला. पाच वर्षांत तो जुना होतो, म्हणजे वर्षाला १ लाख ६० हजार घसारा. रात्री किती मिळतील? तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होते, आषाढात थांबते; आपल्याकडे रमजान आणि मोहरम सुने जातात; गणपतीचे दिवस मोजके. सीझन कापडाचाच, पण फरक असा की न विकलेले थान पुढच्या वर्षी विकता येते, न वाजलेली रात्र विकता येत नाही. ४० रात्री धरू. म्हणजे दर रात्री ४,००० रुपये नुसता घसारा. भाडे १५,००० मिळाले. टेम्पो आणि डिझेल ४,०००, चार पोरांची मजुरी ३,२००, वाजविणारा डीजे २,०००. घसारा धरून १३,२०० गेले, हाती १,८००. वर्षाचे ७२,०००. सारे ८ लाख १२ टक्क्यांच्या कर्जाने पाच वर्षांसाठी घेतले असतील तर व्याजच वर्षाला सरासरी ५३,५०० च्या घरात जाते. उरले १८,५००. त्यातून गोदामाचे भाडे, जळालेल्या स्पीकरची दुरुस्ती आणि मालकाची रोटी. तीन पार्ट्यांनी पैसे बुडविले की ४५,००० गेले, आणि लग्न उरकल्यावर वसुली किती अवघड असते हे आम्ही कापडवाल्यांनी सांगायला नको.

उलट, वाजविणाऱ्याचे सामान एका बॅगेत मावते. लॅपटॉप, कंट्रोलर आणि हेडफोन मिळून लाखभर धरले, पहिल्या वर्षी रात्रीचे २,००० च धरले, तरी ४० रात्रींचे ८०,०००; त्यातून घसारा २०,००० वजा. ६०,००० राहिले, तेही कर्ज न काढता. शिवाय तो एका मालकाला बांधलेला नाही. आज याच्या सेटवर, उद्या हॉटेलात.

भिंतीवाल्यांचा आणखी एक रोग म्हणजे चढाओढ. शेजाऱ्याने आठ पेट्या आणल्या की हा सोळा आणतो. पण आवाजाचे गणित पैशाच्या गणितासारखे चालत नाही. ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो जेमतेम कळतो. दुप्पट मोठा वाटायचा तर ताकद दहापट लागते. म्हणजे दुसरे ८ लाख घालून गिऱ्हाइकाला फरक जाणवणारही नाही. त्यापेक्षा पेट्या नीट तोंड करून लावणे आणि मिक्सरवर लाल दिवा पेटू न देणे यात जास्त नफा आहे. लाल दिव्यावर वाजविले की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज ट्विटर जाळतो.

आता कायद्याकडे पाहू, कारण बुडतात ते इथेच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी हवी. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाजविता येत नाही. राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस, सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी, रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सार्वजनिक जागी लाऊडस्पीकर असेल तर जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांत जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. स्पीकरची भिंत तर शंभरच्या पुढे सहज जाते. २०१८ च्या गणेश विसर्जनाच्या वेळी साऊंडवाल्यांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. तिला अंतरिम दिलासा मिळाला नाही. पर्यावरण कायद्यातली कैद १ एप्रिल २०२४ पासून गेली, पण तिच्या जागी १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत दंड आला. शिवाय टेम्पोची बांधणी मनाप्रमाणे बदलली तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. ज्या धंद्याचा गाभा म्हणजे मोठा आवाज, त्यात कर्जाचे भांडवल घालताना हे सारे समोर ठेवावे.

गाण्यांच्या हक्काचे विचाराल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे. वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सोहळे त्यात धरले आहेत. हॉटेलातली थर्टी फर्स्टची पार्टी त्यात येत नाही, तिथे परवाना लागतो. तो कोण काढणार हे बयाणा घेतानाच ठरवून घ्यावे. जीएसटीची नोंदणी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा लागत नाही, पण वहीखाते पहिल्या दिवसापासून ठेवावे.

आणि कान. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ऐकला तरच धोका सुरू होतो, पण १०० डेसिबलला तीच मुदत पाऊण-एक तास नव्हे, पंधरा मिनिटे आहे. यंत्रमागावरचे आपले बुजुर्ग मोठ्याने का बोलतात ते आठवा. कानात घालायचे बुच फार महाग नाहीत. डीजेचे कान गेले म्हणजे विणकराचे डोळे गेले.

त्या मुलाला आम्ही जामीनकी दिली नाही. त्याचे अब्बा दोन महिने आमच्याशी धड बोलले नाहीत. माग मात्र विकले गेले नाहीत. घरच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकून, दिवसा मागावर बसून, रात्री तो एका साऊंडवाल्याकडे वायरी जोडायला जाऊ लागला. परवा पेढीवर आला तो पावतीपुस्तक छापायचे म्हणून. मजकूर आम्हीच सांगितला : तारीख, जागा, किती ते किती वाजता, परवानगी कोणी काढायची, निम्मी रक्कम आगाऊ, बाकी वाजविण्यापूर्वी रोख, आणि रात्री १० वाजता सेट बंद. शेवटच्या ओळीवर तो म्हणाला, "चाचा, हे वाचून गिऱ्हाईक पळेल." आम्ही म्हटले, "एखादे पळेल. ओळ ठळक छाप."