पाडण्यापूर्वीची इत्तला

इमारत उभारावयाची तर नकाशे, दाखले आणि परवाने यांची रास सरकारदरबारी ओतावी लागते हे मालकास मान्य असते. पण तीच इमारत पाडावयाची झाली की, आपल्याच भिंतीवर आपण कुदळ केव्हा चालवावी हे विचारणारे हे कोण, असा भाव त्याच्या मनात उद्भवल्यावाचून राहत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचे उत्तर एका छापील तक्त्यात दिलेले आहे, आणि तो तक्ता ज्याने एकदा स्वहस्ते भरला त्याला ते पुन्हा विचारावेसे वाटत नाही.

कारण आहे ॲस्बेस्टॉस. वाफेच्या नळांभोवतीचे वेष्टन, छताचा लेप, फरशीखालचा डिंक, अशा शेकडो रूपांनी हे तंतुमय खनिज जुन्या इमारतींत मुरून बसलेले असते आणि जोवर त्याला कोणी डिवचत नाही तोवर प्रायः निरुपद्रवी असते. डिवचले की त्याचे अदृश्य तंतू हवेत उडतात, फुप्फुसात रुततात, आणि त्यांपासून होणारा रोग वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी प्रकट होतो. म्हणून भिंत फोडणाऱ्या मजुराला त्या सायंकाळी साधा खोकलाही येत नाही, आणि त्याच्या मुकादमालाही आपण काही अपराध केला असे वाटत नाही. न्यूयॉर्क परिसरातील उष्णतारोधक वेष्टने बसविणाऱ्या कामगारांची जी पाहणी डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी 1964 साली प्रसिद्ध केली, तिने हा विलंबित हिशेब जगापुढे मांडला. 1970 च्या स्वच्छ हवा कायद्यान्वये 1971 साली ॲस्बेस्टॉस घातक प्रदूषकांच्या यादीत गेले, 1973 साली त्याविषयीचे नियम जारी झाले, आणि 1990 साली त्यांत मोठे फेरफार झाले.

या नियमांतील कागद परवान्याचा नव्हे, इत्तलेचा आहे, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. त्यावर मंजुरीचा शिक्का मारून तो परत येत नाही (काही राज्यांनी आपले निराळे परवाने व शुल्क वर जोडले आहे, ती गोष्ट अलाहिदा). मालकाने वा मक्तेदाराने काम सुरू होण्यापूर्वी निदान दहा कामाचे दिवस आधी संबंधित सरकारी खात्यास लेखी कळवावयाचे, एवढेच. त्या मुदतीत निरीक्षकास वाटले तर त्याने येऊन पाहावे, ही त्यामागची योजना. म्हणूनच संपूर्ण इमारत पाडावयाची असेल तर तीत ॲस्बेस्टॉसचा कणही नसला तरी इत्तला द्यावीच लागते, कारण ‘नाही’ हे उत्तरही पडताळण्याजोगे असावे लागते. केवळ दुरुस्ती वा नूतनीकरण असेल, तर नळांवरील 260 फूट, अन्य भागांवरील 160 चौरस फूट किंवा मोजता न येण्याजोग्या सुट्या मालाचे 35 घनफूट, यांपैकी एखादी मर्यादा गाठली गेली की इत्तला बंधनकारक होते. चार किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांची राहती घरे बहुधा यातून सुटतात.

तक्ता भरताना इमारतीचे वय, मजले, पूर्वीचा आणि आजचा उपयोग हा मजकूर कारकून सहज लिहितो. खरा प्रश्न पुढे येतो: ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे आपण कोणत्या रीतीने शोधले? येथे ‘दिसले नाही’ हे उत्तर चालत नाही. आधी कसून तपासणी झालेली असावी लागते. एक टक्क्याहून अधिक ॲस्बेस्टॉस असलेला जो पदार्थ सुकल्यावर हाताच्या दाबाने चुरडता येतो तो सर्वांत धोक्याचा. आपल्याकडील चाळींच्या आणि कारखान्यांच्या छपरांवर जो सिमेंटचा पत्रा सर्रास दिसतो तो अखंड असेतो त्या वर्गात पडत नाही. मात्र यंत्राच्या फटक्याने त्याचा चुरा होणार असेल तर त्याचीही गणना तेथे करावी लागते. मग काढण्याची पद्धत, माल सतत ओला ठेवण्याची तजवीज, वाहतूकदाराचे नाव आणि कचरा अखेर कोठे पुरावयाचा ते ठिकाण. तक्त्यातील संक्षिप्त अक्षरेही गंमतीची आहेत: एका रकान्यात ‘ओ’ म्हणजे मूळ इत्तला, तर दुसऱ्यात तोच ‘ओ’ म्हणजे सरकारी हुकुमाने केलेले पाडकाम.

पण चुका होतात त्या तारखांत. नियमाच्या व्याख्येप्रमाणे सोमवार ते शुक्रवार हे कामाचे दिवस, आणि त्यांत येणारी सुटीही कामाचाच दिवस. म्हणजे गुरुवारी आलेला नाताळ मोजला जातो, आणि ज्या शनिवारी गवंडी घाम गाळीत असतो तो मोजला जात नाही! लिहिलेल्या तारखेखेरीज अन्य दिवशी काम सुरू करता येत नाही. ते लांबणीवर पडले तर मूळ तारखेपूर्वी दूरध्वनीने, आणि फार तर त्या तारखेपर्यंत लेखी कळवावे लागते. अलीकडे ओढावयाचे असेल तर नव्या तारखेपूर्वी पुन्हा पुरे दहा दिवस. मालाचा अंदाज वीस टक्क्यांनी वा अधिक बदलला तरी दुरुस्त इत्तला द्यावीच लागते.

इमारत कोसळण्याच्या बेतात आहे म्हणून सरकारनेच ती पाडण्याचा हुकूम दिला असेल, तर दहा दिवसांची अट शिथिल होते; मात्र शक्य तितक्या लवकर, फार तर पुढल्या कामाच्या दिवसापर्यंत, हुकुमाची नक्कल जोडून इत्तला पोचती करावी लागते.

तक्त्याच्या शेवटाकडे एक रकाना आहे, तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पाहणीत न आढळलेले ॲस्बेस्टॉस भिंत फोडल्यावर निघाले तर तुम्ही काय कराल, हे तेथे आधीच लिहून मागितले आहे. अनुभवी मक्तेदार तेथे काम थांबविणे, माल ओला करणे, तज्ज्ञाला बोलावणे आणि खात्याला कळविणे हे क्रमवार लिहितो. नवखा ‘लागू नाही’ असे लिहून सही करतो.