गोळी कुठे थांबते?

बाराबोअर बंदुकीतून छर्र्यांऐवजी एकच जड गोळी मारायची, तर त्यासाठी अचूक बंदूक कोणती? अमेरिकेतला शिकारी याचं उत्तर एका दमात देतो : आतून आटे पाडलेली नळी घ्या, वर दुर्बीण बसवा आणि शंभर मीटरवर खुशाल नेम धरा. परभणी जिल्ह्यात हे उत्तर पहिल्याच पायरीवर अडतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ प्रमाणे पिकाच्या राखणीसाठी मुळात ठासणीची बंदूक मिळते. ती पुरणार नाही याची परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला खात्री पटली, तरच दुसरी. आणि तीही गुळगुळीत नळीची, नळीची लांबी किमान २० इंच. आटे पाडले की नळी गुळगुळीत राहिली नाही, आणि मग शेतकऱ्याचा अर्ज वेगळ्याच वर्गात जाऊन पडतो.

तेव्हा आपल्याकडचा प्रश्न असा : गुळगुळीत नळीच्या बंदुकीतून गोळी नेमकी कशी जाईल?

गोळी हवीच कशाला, हेही आधी पाहायला हवं. पाथरी-मानवतकडे जायकवाडीच्या कालव्याचा ऊस, जिंतूरकडे येलदरीच्या बाजूचे डोंगर, गोदाकाठच्या बाभळी. रानडुकरांना दिवसा दडायला जागा भरपूर. रात्री कळप भुईमुगात, मक्यात, हरभऱ्यात उतरतो. तो जेवढं खातो त्याहून जास्त उकरून टाकतो. पोक्त नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, जाड ढालीसारखा थर असतो. लहान छर्रे तिथेच अडकतात, आणि जखमी डुक्कर उसात शिरलं की सकाळी ऊस तोडायला येणाऱ्यांची धडगत नाही. म्हणून जाणती माणसं एक तर अगदी जवळून मोठे छर्रे मारतात, नाही तर गोळी.

बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड तेवढं नळीचं तोंड. हे माप साधारण साडेअठरा मिलिमीटर येतं. जुनी गोळी खरोखरच गोल असे. नळी गुळगुळीत, त्यामुळे गोळीला ठरावीक फिरकी नाही. पुढे जाता जाता ती कुठल्याही बाजूला कलायची. यावर एक खटाटोप केला तो हिंदुस्थानात नोकरी केलेल्या एका अधिकाऱ्याने. जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरी हा बंगालच्या सैन्यातला. १८६३ च्या उंबेला मोहिमेत त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. १८८५ मध्ये त्याने पेटंट घेतलं : नळी सगळी गुळगुळीत, फक्त तोंडापाशी दोन-अडीच इंच आटे. छर्रेही चालतील, गोळीही फिरेल. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ती बंदूक ‘पॅराडॉक्स’ नावाने बाजारात आणली आणि साहेबांच्या शिकारछावण्यांत ती मिरवली. कुळवाड्याच्या हाती ती येण्याचा प्रश्नच नव्हता.

सामान्य बंदूकवाल्याच्या कामाचा तोडगा जर्मनीतून आला. विल्हेल्म ब्रेनेके याने १८९८ मध्ये शिशाच्या गोळीच्या बुडाला हलका दट्ट्या कायमचा जोडला. वजन पुढे, शेपूट हलकं. बॅडमिंटनचं फूल जसं बूच पुढे ठेवून जातं तशी ती गोळी गुळगुळीत नळीतूनही नाकासमोर जाते. १९३१ मध्ये अमेरिकेच्या कार्ल फॉस्टरने गोळी मागून पोकळ करून हेच साधलं. या गोळ्यांच्या अंगावरच्या तिरप्या रेघा पाहून त्या गरगर फिरत असतील असं वाटतं. प्रत्यक्षात फिरकी जेमतेमच. रेघांचं मुख्य काम म्हणजे नळीचं तोंड अरुंद असलं तरी शिसं दबून सुखरूप बाहेर पडावं.

या अरुंद तोंडाला चोक म्हणतात, आणि निवडीत पहिली नजर तिथेच जायला हवी. छर्रे एकवटून जावेत म्हणून नळी शेवटी आवळलेली असते. फुल चोकमध्ये नळी आणि तिचं तोंड यांतला फरक सुमारे एक मिलिमीटर. गोळीला हा आवळा मानवत नाही. नळी जितकी सरळ उघडी, तितकी गोळी समाधानी. आपल्याकडच्या पारंपरिक दुनळीत बहुधा उजवी नळी कमी आवळलेली आणि डावी जास्त, म्हणून गोळीचं काडतूस उजवीत घालावं. नळीच्या मापाची गोल गोळी फुल चोकमधून मारणं तर नळी फाडून घेण्यासारखं आहे.

दुनळीची दुसरी खोड जास्त छळते. तिच्या दोन्ही नळ्या समांतर नसतात. छर्र्यांचा मारा ठरावीक अंतरावर एकत्र पडावा म्हणून त्या किंचित आत कलवून जोडलेल्या असतात. हा हिशेब छर्र्यांच्या वेगाचा आणि धक्क्याचा. गोळीचा वेग आणि धक्का वेगळा, त्यामुळे हिशेब मोडतो आणि पन्नास मीटरवर एका नळीची गोळी एकीकडे, दुसरीची दुसरीकडे जाते. घराण्याची दुनळी कितीही देखणी असली, तरी केवळ गोळीसाठी निवडायची तर मी एकनळी किंवा हाताने पुढे-मागे सरकवून काडतूस भरायची पंप अ‍ॅक्शन घेईन. एकच नळी, एकच चूक. आणि एक चूक दुरुस्त करता येते.

दुरुस्तीसाठी मागचा साइट, म्हणजे नेम धरायची खाच, लागतो. छर्र्यांच्या बंदुकीला पुढे फक्त एक मणी असतो, कारण उडत्या पाखरावर नेम धरायला वेळ नसतो. गोळीला मात्र पुढचा आणि मागचा, दोन्ही साइट हवेत. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकायला हवा. बंदूक फार हलकी नको : अठ्ठावीस ग्रॅमची गोळी सेकंदाला पावणेपाचशे मीटरच्या वेगाने सुटते तेव्हा तीन हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन जाते, आणि त्या धक्क्याचा वाटा खांद्यालाही मिळतो. दोनदा खांदा दुखला की माणूस तिसऱ्यांदा चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो.

बंदूक ईशापूरच्या सरकारी कारखान्याची असो की मुंगेरच्या कारागिरांची, काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं असो की परदेशी, कागदावर मारून पाहिल्याशिवाय काही कळत नाही. एकाच बंदुकीत एका जातीची गोळी तळहाताएवढ्या जागेत पडते आणि दुसरीची ताटाएवढी पांगते. अधिकृत रेंजवर, बंदूक टेकवून, आधी पंचवीस मीटर आणि मग पन्नास मीटर. गोळ्या ताटाबाहेर जाऊ लागल्या तिथे त्या जोडीचा पल्ला संपला. ही साधी परीक्षा आपल्याकडे क्वचित होते. काडतुसं महाग आणि मोजून मिळणारी, रेंज लांब. त्यातच निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालं, म्हणजे ऐन कापूसवेचणीत.

अचूकतेचा दुसरा अर्धा भाग बंदुकीत नाहीच, रानात आहे. गोदावरीचं खोरं सपाट, आणि चुकलेली गोळी किलोमीटरभर जाऊ शकते. शेतीपंपांना वीज अनेकदा रात्रीची. डुकरं उतरतात त्याच वेळी शेजारच्या बांधावर कुणी तरी बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी देत असतो. सपाटीवर उभं राहून तीस मीटरवरच्या डुकरावर गोळी मारली तर ती जवळजवळ आडवी जाते, आणि जमिनीला घासली तरी उसळून पुढे निघते. तीच बंदूक चार मीटर उंचीवरून चालवली तर गोळी जनावराच्या मागे चार-पाच मीटरच्या आत काळ्या मातीत शिरते. ज्वारी राखायला ज्यावर बसून गोफण फिरवायचे, तो माळा म्हणजेच ही उंची. ज्वारी हटून सोयाबीन आलं आणि माळे मोडले. दोन हजारांचा साइट बसवण्याआधी मी बांबू आणि सुतळीवर खर्च करीन.

हे सगळं परवानगीनंतरचं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाला धोका झालेल्या, दुसऱ्या अनुसूचीतल्या जनावराला मारायची लेखी परवानगी देता येते. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापुरते हे अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांपर्यंत आलेले आहेत. काळवीट पहिल्या अनुसूचीत. परभणीच्या माळावर त्यांचे कळप दिवसाढवळ्या तुरीत चरतात, पण त्यांच्याकडे बंदूक वळवायची नाही. अंधारात रोह्याचं पिलू की काळविटाची मादी, हे ओळखता येत नसेल तर चापावर बोट ठेवू नये. मारलेलं जनावर सरकारचं. त्याचा रस्सा करायचा विचार मनातही आणू नये.

केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिले. तिथे नोंदणी केलेले परवानाधारक नेमबाज बोलावले जातात. मला ही पद्धत पटते. गावात दहा न तपासलेल्या दुनळ्या असण्यापेक्षा कागदावर पारखलेली एक बंदूक, तिच्या पसंतीचं एक काडतूस आणि सराव असलेला एक माणूस बरा. आता ती एक बंदूक कोणत्या वाड्यात राहायची, यावर गावात एकमत होईल तेव्हा खरं.