शेगडीभोंवतालचे सामने
(नभोवाणीवरील भाषण)

ज्या खेळाविषयीं मी आज बोलणार आहें, तो बेसबॉलचा खेळ आपल्यापैकीं बहुतेकांनीं मैदानावर पाहिलेला नसेल. मींही साठी गांठेपर्यंत तो पाहिला नव्हता. २०१९ च्या अखेरीस मुलीकडे म्हणून बोस्टन येथें गेलों, तेव्हां तर तो पाहावयास मिळणें शक्यच नव्हतें. कारण अमेरिकेंत हा खेळ वसंत ऋतूंत सुरू होतो, ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या आरंभीं त्याची शेवटची मालिका संपते, आणि पुढचे कित्येक महिने उत्तरेकडील मैदानें बर्फाखालीं निजलेलीं असतात. असें असूनही त्या हिवाळ्यांत बेसबॉलविषयीं जितकें माझ्या कानांवर पडलें, तितकें पुढें ऐन हंगामांत तेथें गेलों तेव्हांही पडलें नाहीं.

ह्या प्रकाराला तिकडे एक जुनें नांव आहे. पूर्वीं लहान गांवांतील दुकानांत मधोमध एक लोखंडी शेगडी पेटलेली असे. तिच्याभोंवतीं बसून लोक गेल्या हंगामाचा हिशेब करीत आणि पुढच्या हंगामाचे मनोरे रचीत. त्यावरून ह्या चर्चेला ‘तापल्या शेगडीचे सामने’ म्हणूं लागले. शेगडी गेली, सामने चालूच आहेत. नवे करार, जुन्यांना निरोप आणि खेळाडूंची अदलाबदल ह्यांचे हेच दिवस. डिसेंबरांत तीसही संघांचे कारभारी त्यासाठीं एके ठिकाणीं जमतात. आपल्याकडे २००८ पासून क्रिकेटपटूंचे लिलाव होऊं लागले, त्यामुळें खेळाडूची किंमत ठरते ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. परंतु लिलावांत खेळाडूच्या नांवापुढें रुपये लिहिलेले असतात. अदलाबदलींत त्याच्या नांवापुढें दुसऱ्या माणसाचें नांव लिहितात. वादाचें मूळ तेथेंच आहे.

वाद समजावयास मैदान थोडें डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं, दोहोंमध्यें ९० फूट अंतर. एका कोपऱ्यावर फलंदाज गोल दांडा घेऊन उभा. गोलंदाज टप्पा न पाडतां त्याच्याकडे चेंडू फेंकतो. नऊ जणांपैकीं सहा जण चौकोनांत आणि त्याच्या आसपास असतात. पलीकडच्या विस्तीर्ण हिरवळीवर मात्र तिघेच, डावा, मधला आणि उजवा. ह्यांना ‘आउटफील्डर’ म्हणतात. क्रिकेटमध्यें सीमेवर उभा असलेला क्षेत्ररक्षक आठवा आणि त्याच्या वांट्याला तिप्पट जमीन आली आहे अशी कल्पना करा, म्हणजे झालें. चेंडू हवेंत उडाल्याबरोबर तो कोठें पडणार हें त्याला दांड्याच्या आवाजावरूनच ताडावें लागतें.

बोस्टनच्या संघाचें नांव रेड सॉक्स, म्हणजे तांबडे मोजे! त्याचें फेनवे मैदान १९१२ पासूनचें. शहराच्या गल्ल्यांत कोंबून बसविल्यामुळें त्याचा आकार वांकडातिकडा झाला आहे. डाव्या बाजूस फलंदाजापासून जेमतेम ३१० फुटांवर एक हिरवी भिंत उभी आहे, तिची उंची ३७ फूट. तेथें उभ्या असणाऱ्याला धांवण्यापेक्षां भिंतीवरून उसळणाऱ्या चेंडूचे कोन अधिक शिकावे लागतात. उजवीकडे, अगदीं कोपरा सोडला तर, मैदान एकदम ३८० फुटांपर्यंत पसरतें. तेथें पाय हवेत आणि बाहूंत जोरही हवा. म्हणजे एकच आउटफील्डर एका शहरांत जितका मोलाचा, तितका दुसऱ्या शहरांत असेलच असें नाहीं.

मी गेलों त्या हिवाळ्यांत बोस्टनच्या उजव्या बाजूचा रक्षक मूकी बेट्स होता. २०१८ सालीं त्यानें ·३४६ च्या सरासरीनें फलंदाजी केली, ३२ होम रन मारले, ३० वेळां गोलंदाजाचा डोळा चुकवून पुढचें ठाणें चोरलें. त्याच्या लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान त्याला मिळाला आणि संघानें अजिंक्यपदही मिळविलें. अशा माणसाला कोणी घालवील काय? पण नोव्हेंबरपासून तोच प्रश्न घरोघर चालला होता, आणि शेजारचे एक पेन्शनर गृहस्थ जिन्यांत भेटले कीं मला दहा मिनिटें थांबवून त्याचें उत्तर देत. गंमत अशी कीं, दर आठवड्यास त्यांचें उत्तर बदलत असे.

त्यांच्याच तोंडून मला ह्या व्यवहारांतील गणित कळलें. खेळाडू पहिल्या दर्जाच्या खेळांत आला कीं त्याची सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत तो संघाशीं बांधलेला असतो. साधारणपणें पहिलीं तीन वर्षें पगार संघ ठरवितो. पुढचीं तीन वर्षें मतभेद झाल्यास लवाद ठरवितो. त्यानंतर तो मोकळा होऊन वाटेल त्या संघाशीं करार करूं शकतो. म्हणून अदलाबदलींत नुसता खेळाडू तोलला जात नाहीं, त्याचीं बांधलेलीं वर्षें किती उरलीं आहेत तेंही तोललें जातें. बेट्सचें एकच वर्ष उरलें होतें आणि मोकळें होऊन आपलें मोल पाहण्याचा त्याचा विचार दिसत होता. शिवाय जो संघ ठराविक मर्यादेपेक्षां अधिक पगार वांटतो त्याला दंडवजा कर भरावा लागतो, आणि लागोपाठ वर्षें मर्यादा ओलांडल्यास कराचा दर चढत जातो. २०२० ची मर्यादा २० कोटी ८० लक्ष डॉलरची होती. बोस्टननें ती आधींचीं दोन वर्षें ओलांडलेली.

एक पक्ष म्हणे, वर्षअखेर फुकट जाणार असेल तर आजच त्याच्या बदल्यांत दोन-तीन तरुण कां घेऊं नयेत? दुसरा म्हणे, श्रीमंत संघानें असला चिल्लर हिशेब करावा हीच लाज आहे. मला स्वतःला पहिल्या पक्षाचें म्हणणें बुद्धीला पटे आणि दुसऱ्याचें मनाला.

फेब्रुवारीच्या आरंभीं अदलाबदल ठरली, एका खेळाडूच्या वैद्यकीय तपासणीवरून मोडली, आणि पुन्हां जुळून १० फेब्रुवारीस जाहीर झाली. बेट्स आणि मोठ्या पगाराचा गोलंदाज डेव्हिड प्राइस लॉस एंजलिसच्या डॉजर्स संघाकडे गेले. प्राइसच्या उरलेल्या पगाराचा अर्धा भारही बोस्टननेंच उचलला. बदल्यांत आले तिघे: आउटफील्डर अ‍ॅलेक्स व्हर्डूगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. माझी नात तेव्हां आठ वर्षांची होती. बेट्सचा ५० हा आंकडा असलेला सदरा तिच्या वाढदिवसाला घेतलेला होता. तिनें बातमी ऐकली आणि बापाला विचारलें, “त्याला विचारलें होतें का?” जांवई म्हणाले, “विचारावें लागत नाहीं.” तिला तें मुळींच पटलें नाहीं.

पुढें काय झालें तें बहुतेकांस ठाऊक आहे. साथीमुळें त्या सालचा हंगाम ६० सामन्यांचाच झाला. तो सुरू होण्याच्या आदल्याच दिवशीं बेट्सनें डॉजर्सशीं १२ वर्षांचा, ३६ कोटी ५० लक्ष डॉलरचा करार केला आणि ऑक्टोबरांत अजिंक्यपद मिळवून दिलें. बोस्टन आपल्या गटांत तळाशीं राहिलें. डॉजर्सनीं २०२४ आणि २०२५ सालींही अजिंक्यपद जिंकलें. बोस्टनकडे आलेल्या तिघांपैकीं डाउन्सला संघानें २०२२ च्या अखेरीस सोडलें, व्हर्डूगोला २०२३ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या यँकीजकडे धाडलें. आणखी एक मौज पाहा. ज्याच्यावरून आउटफील्डरच्या किंमतीचा एवढा काथ्याकूट झाला, तो बेट्स २०२५ सालीं आउटफील्ड सोडून चौकोनांत, शॉर्टस्टॉप ह्या जागीं खेळत होता. हिवाळ्यांत मांडलेलें गणित किती टिकतें तें ह्यावरून दिसेल.

बोस्टनला हा अनुभव नवा नव्हता. १९१९ च्या डिसेंबरांत त्यांच्या मालकानें बेब रूथ ह्याला न्यूयॉर्कला एक लक्ष डॉलरला विकून टाकलें. रूथ मुळांत गोलंदाज. नुकताच त्याला आउटफील्डर केलें होतें, आणि त्या एका हंगामांत त्यानें २९ होम रन मारले होते. न्यूयॉर्कला जातांच पहिल्याच वर्षीं त्यानें ५४ मारले. बोस्टनचें १९१८ नंतरचें पुढचें अजिंक्यपद उजाडलें तें २००४ सालीं! लोक त्याला रूथचा शाप म्हणत. शापावर माझा विश्वास नाहीं; ८६ वर्षें वाईट कारभार करणेंही मनुष्याला अशक्य नाहीं. तसेंच सिनसिनाटीच्या संघानें १९६५ सालीं फ्रँक रॉबिन्सनला वय झालें म्हणून बाल्टिमोरला दिलें. वय होतें तीस. दुसऱ्याच वर्षीं सरासरी, होम रन आणि धांवा मिळवून देणें ह्या तिन्हींत तो आपल्या लीगमध्यें पहिला आला.

ह्या गोष्टी शेगडीभोंवतीं चवीनें सांगतात. पण माझ्या नातीनें विचारलेला प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीं एका आउटफील्डरनें स्वतःच विचारला होता, आणि त्याची किंमतही त्यानेंच भरली. ती हकीकत थोडी सविस्तर सांगतों.

त्याचें नांव कर्ट फ्लड. सेंट लुइसच्या कार्डिनल्स संघांत तो मधल्या जागेवर बारा हंगाम खेळला. १९६३ पासून लागोपाठ सात वर्षें उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा सोनेरी हातमोजा त्याला मिळाला. १९६४ आणि १९६७ सालीं संघ अजिंक्य झाला. १९६८ च्या शेवटच्या सामन्यांत मात्र एका उंच चेंडूचा अंदाज चुकून तो पुढें धांवला, चेंडू डोक्यावरून मागें गेला आणि अजिंक्यपद डेट्रॉइटला गेलें. पुढच्या वर्षीं, १९६९ च्या ऑक्टोबरांत, कार्डिनल्सनीं त्याला आणखी तिघांसह फिलाडेल्फियाला देऊन टाकलें. ही बातमी त्याला दूरध्वनीवरून एका दुय्यम अधिकाऱ्यानें सांगितली.

येथें मला माझी एक गोष्ट आठवते. शिक्षक असतांना ऐन मे महिन्यांत माझ्या हातीं बदलीचा हुकूम पडला. घर, मुलांची शाळा, आईचें औषधपाणी, सर्व एका ओळीच्या कागदानें हललें. माझ्या जागीं येणाऱ्या गृहस्थांचें नांव त्याच कागदावर खालीं होतें. त्यांचीही तीच दशा झाली असणार. मीं सामान बांधलें. माझ्यासारख्या शेंकडोंनीं तेंच केलें असतें, आणि त्यांत कांहीं वावगें आहे असें तेव्हां वाटलेंही नाहीं.

फ्लडनें सामान बांधलें नाहीं. त्या काळीं करारांत एक कलम असे, त्याच्या जोरावर संघ खेळाडूला वर्षामागून वर्ष, तहहयात म्हणा ना, बांधून ठेवूं शके. २४ डिसेंबर १९६९ रोजीं त्यानें बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून ह्यांना पत्र लिहिलें. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर आपण आपल्या इच्छेविरुद्ध विकण्याची वस्तु आहों असें आपणांस वाटत नाहीं. दुसऱ्या संघांचे प्रस्तावही आपणांस विचारांत घेऊं द्यावे, असें त्याचें म्हणणें होतें. आयुक्तांनीं नकार दिला. तेव्हां त्यानें फिर्याद केली. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर ह्यांनीं आधींच बजावलें होतें कीं, बहुधा हराल आणि खेळही गमवाल. त्याचा पगार वर्षाला ९० हजार डॉलर होता. एवढें मिळत असतां गुलामगिरीची भाषा कशाला, असें लोक विचारीत. पगार मोठा असल्यानें गुलामगिरी बदलत नाहीं, असें तो निग्रो जातीच्या इतिहासाला जागून उत्तर देई. जॅकी रॉबिन्सन हा निवृत्त खेळाडू त्याच्या बाजूनें साक्षीला उभा राहिला. त्या वेळीं खेळत असलेल्यांपैकीं एकही जण न्यायालयांत येऊन बसला नाहीं. प्रत्येकाला आपल्या पुढच्या कराराची धास्ती होती, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार निदान मला नाहीं.

१९ जून १९७२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध तीन मतांनीं त्याच्याविरुद्ध निकाल दिला. मक्तेदारीविरुद्धचा कायदा बेसबॉलला लागत नाहीं, हा १९२२ चा निवाडा विसंगत आहे हें न्यायालयानें जवळजवळ कबूल केलें. परंतु तो बदलणें तें कायदेमंडळाचें काम ठरविलें. तोंवर फ्लड संपला होता. १९७० चा सबंध हंगाम तो बाहेर बसला. १९७१ सालीं वॉशिंग्टनकडून तेरा सामने खेळून सोडून गेला.

तो हरला खरा, पण १९७३ सालींच मालकांनीं एक नियम मान्य केला: पहिल्या दर्जाच्या खेळांत दहा वर्षें आणि शेवटचीं पांच एकाच संघांत काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीवांचून दुसरीकडे धाडतां येणार नाहीं. फ्लडचीं दोन्हीं भरलेलीं होतीं. १९७५ च्या डिसेंबरांत पीटर सिट्झ ह्या लवादानें दोन गोलंदाजांच्या वादांत तें जुनें कलमच निकामी ठरविलें. बेट्सच्या ३६ कोटींची वाट अशी मोकळी झाली. फ्लड १९९७ च्या जानेवारींत वारला. १९९८ सालीं अमेरिकन कायदेमंडळानें त्याच्या नांवाचा कायदा करून न्यायालयानें आपल्याकडे सोपविलेलें काम, निदान पहिल्या दर्जाच्या खेळाडूंपुरतें, पुरें केलें.

२०२५ च्या हिवाळ्यांत बोस्टनमध्यें पुन्हां शेगडी तापली. ह्या खेपेस आउटफील्डर तीन हवेत आणि आहेत चार: डुरॅन, राफाएला, अब्रेयू आणि नवा आलेला रोमन अँथनी. राफाएला व अब्रेयू ह्या दोघांना त्याच वर्षीं सोनेरी हातमोजे मिळालेले. मग कोणाला द्यावें आणि बदल्यांत कोणता गोलंदाज मागावा? माझी नात आतां चौदा वर्षांची आहे. रविवारीं फोनवर तिनें मला वय, उरलेलीं वर्षें, पगार, डावा-उजवा हात, सर्व तोंडपाठ म्हणून दाखविलें आणि डुरॅनला द्यावें असा निर्णय दिला.

मीं विचारलें, “त्याला विचारलें का कोणीं?”

ती म्हणाली, “आजोबा, तो २०२१ त आला. त्याचीं दहा वर्षें अजून कोठें झालीं आहेत!”