प्रबंध लिहिणारांस व त्यांच्या घरच्यांस

पदव्युत्तर प्रबंध हातीं घेतलेला विद्यार्थी पुष्कळदां अडतो तो विषय अफाट निवडल्यामुळें. गोदावरीचा समग्र इतिहास लिहावयास जन्म पुरणार नाहीं; नाशिकच्या एखाद्या घाटाचा अभ्यास मात्र ठरल्या मुदतींत तडीस जाईल. इरावतीबाई कर्वे यांनीं १९२८ सालीं एम्. ए. साठीं चित्पावन हा एकच समाज अभ्यासिला, हें ध्यानांत ठेवावें.

विषय ठरतांच पूर्वसूरींचें काम पाहावें. १८४० सालीं स्थापन झालेलें येथील सार्वजनिक वाचनालय हाताशीं आहे. अनेक विद्यापीठांचे पीएच्. डी. प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर घरबसल्या वाचतां येतात. टिपण घेतांनाच ग्रंथाचें नांव व पृष्ठांक लिहून ठेवावा; कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणें १० टक्क्यांहून अधिक उसनवारी आढळल्यास प्रबंध परत येतो. रोज एक पान लिहावें व महिन्याकांठीं मार्गदर्शकांस दाखवावें.

आतां घरच्या वडील मंडळींस एक विनंति. मुलाच्या परीक्षेसाठीं घर शांत राहतें. सुनेचा प्रबंध मात्र सणावारांच्या धांदलींत मागें पडतो. तिचे रोजचे दोन तास देवपूजेइतकेच अढळ मानावे, आणि त्या वेळांत दाराची घंटा वाजल्यास दुसऱ्या कोणीं तरी उठावें.