कोळसुनांच्या मागावर एक मंगळवार

पहाटे साडेपाच. जानेवारीची थंडी. मंगळवारी ताडोबा पर्यटकांना बंद असतं, त्यामुळे जिप्सींची धूळ नाही. बीटचा वनरक्षक आणि वनमजूर पायी गस्तीला निघतात.

साडेसहा. दोन वाटा मिळतात तिथे विष्ठेचे ताजे ढीग, शेजारी शेजारी, चितळाचे केस असलेले. कोळसुनांचा कळप अशा जागा ठरवून वापरतो. त्यांचा पत्ता हाच.

सात. बांबूतून शीळ येते. ही रानकुत्री पाळीव कुत्र्यासारखी भुंकत नाहीत; दाट रानात पांगली की शिळेवर एकत्र येतात. वासावर माग काढतात, उंच गवतात मागच्या पायांवर उभी राहून बघतात. जेमतेम पंधरा-वीस किलोचं जनावर, पण कळपानं सांबरसुद्धा लोळवतं. जिवंतपणीच पोटाकडून फाडतात म्हणून लोक त्यांना क्रूर म्हणतात. मला हे पटत नाही. वाघासारखा नरडं धरून ठेवायला लागणारा जबडाच त्यांना नाही. पण त्या शिक्क्यापायी इंग्रजांच्या काळापासून कोळसून मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ते थांबलं. आज जगात प्रजननक्षम कोळसुनं अडीच हजारांहून कमी उरली आहेत.

नऊ. खडकातली कपार, आत कोळसुनांची पिल्लं; दुर्बिणीतून, लांबूनच. जवळ गेलं तर पिल्लं दुसरीकडे हलवली जातात. शिकारीवरून आलेली मोठी कोळसुनं पिल्लांसमोर मांस ओकतात, आईलाही देतात. पिल्लं शिकारीपर्यंत चालत जायला लागली की आधी तीच खातात, मोठे थांबतात. सिंहांच्या कळपात उलटं.

दुपार. कळप सावलीत, माणसं डब्यावर.

चार. कळप पुन्हा निघतो. वनरक्षक नोंदी पुऱ्या करतो आणि बफरमधल्या गावाकडे वळतो.

साडेपाच. कोळसुनाला हातानं औषध पाजता येत नाही, त्याची काळजी गावातच घ्यावी लागते. गुरांमागे रानात जाणारा कुत्रा रेबीज किंवा डिस्टेंपर घेऊन गेला, तर एकमेकांना चाटणाऱ्या, एकाच शिकारीवर तोंड घालणाऱ्या कळपात तो रोग भराभर पसरतो. जंगलालगत राहत असाल तर आपल्या कुत्र्याला दोन्ही लशी दरवर्षी टोचून घ्या, आणि त्याला रानात मोकळं सोडू नका.